खडकी, पुणे आणि उशिरा आलेलं मेडल

एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश अधिकाऱ्याचा मेडलसंच लिलावात आला की आपल्याकडचे संग्राहक आधी फिकट निळी फीत शोधतात. ती ‘आर्मी ऑफ इंडिया’ मेडलची. चांदीचं, जेमतेम ३६ मिलिमीटरचं. एका बाजूला तरुण व्हिक्टोरिया, दुसऱ्या बाजूला बसलेली विजयदेवता आणि तळाशी १७९९–१८२६. त्याच्या फितीवर लावायच्या एकवीस क्लास्पपैकी (म्हणजे लढाईचं नाव कोरलेल्या पट्ट्यांपैकी) सर्वात जुना १८०३ च्या अलीगढचा आहे. मग १७९९ कशासाठी, हे मेडल पाहून काही कळत नाही.

आसई, अडगाव, गाविलगड, सीताबर्डी, महिदपूर, कोरेगाव ही सगळी नावं या क्लास्पवर आहेत. खडकी (५ नोव्हेंबर १८१७) आणि त्यानंतरची पुण्याची लढाई यांचे दोन स्वतंत्र क्लास्प, आणि दोन्हीकडे असलेल्यांसाठी ‘खडकी आणि पुणे’ असा तिसरा. सीताबर्डी-नागपूरचंही तसंच.

खरा वाद आहे तो तारखेचा. मेडल मंजूर झालं मार्च १८५१ मध्ये आणि मिळालं फक्त तोवर जिवंत असलेल्यांना, तेही ज्यांनी अर्ज केला त्यांना. आसईला विशीत असलेला अधिकारी तेव्हा सत्तरीला टेकला होता. साडेचार हजारांच्या आसपासच मेडलं निघाली, त्यात मोठा वाटा ब्रह्मदेशच्या मोहिमेचा, कारण ती सर्वात अलीकडची. युरोपातल्या जुन्या लढायांचं मेडल १८४७ मध्ये याच अटीवर दिलं होतं, तोच कित्ता इथे गिरवला. हिशेब सोपा, खर्च कमी. पण लंडनमधल्या निवृत्त अधिकाऱ्याला अर्ज करणं जेवढं सोपं होतं, तेवढं गावी परतलेल्या शिपायाला कुठून असणार? कोरेगावात पडलेल्यांची नावं निदान स्तंभावर कोरली गेली. तिथून जिवंत परतून १८५० पर्यंत वारलेल्याच्या वाट्याला ना स्तंभ आला ना मेडल.

निवडही चमत्कारिकच. १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला घेतला, त्याला क्लास्प नाही. १८१८ च्या आष्टीच्या लढाईत पेशव्यांचा सेनापती पडला, साताऱ्याचे छत्रपती इंग्रजांच्या हाती आले, तरी तिलाही नाही. रायगडच्या वेढ्यालाही नाही. पेशवाई खऱ्या अर्थाने आष्टीला मोडली असं मानणाऱ्यांना (मी त्यांतलाच) ही यादी अजब वाटते.

या मेडलच्या आधी ईस्ट इंडिया कंपनीने १७८० च्या दशकात दख्खनच्या मोहिमेचं मेडल काढलं होतं, ते देशी सैन्यासाठी. १८४३ मध्ये ग्वाल्हेरच्या फौजेशी महाराजपूर आणि पनियार इथे एकाच दिवशी झालेल्या लढायांना पदकाऐवजी तारे दिले, तेही जिंकलेल्या तोफांच्या धातूचे.

१८५७ च्या मेडलवर पाचच क्लास्प. त्यातला ‘सेंट्रल इंडिया’ म्हणजे झाशी, काल्पी, ग्वाल्हेर सगळं एकत्र. त्यामुळे हा क्लास्प दाखवून ‘झाशीच्या वेढ्यातला अधिकारी’ म्हणून कोणी किंमत सांगू लागलं, तर आधी त्याच्या पलटणीचे हजेरीपट मागावेत.