कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेरा

लेन्स कायमची जोडलेली असलेला, खिशात किंवा लहान पिशवीत मावणारा आणि प्रतिमा फिल्मऐवजी इलेक्ट्रॉनिक सेन्सरवर टिपणारा कॅमेरा. बंद करताच लेन्सची नळी आत मिटते आणि तिच्यावर पातळ पाकळ्यांचे झाकण सरकते, ही त्याची ओळखीची खूण. ‘पॉइंट अँड शूट’ हे नावही रूढ आहे, पण ते निम्मेच खरे आहे. या प्रकारच्या अनेक कॅमेऱ्यांत प्रकाश आत सोडणारे छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर, प्रकाश किती वेळ आत येईल तो शटर स्पीड आणि फोकस हे सारे हाताने ठरवता येते. हौशी छायाचित्रकाराच्या दृष्टीने त्याचा मोठा गुण म्हणजे तो हवा तेव्हा जवळ असतो. बाकीची बहुतेक वैशिष्ट्ये, चांगली आणि वाईट दोन्ही, या लहान आकारातूनच निघतात. खोक्यावर छापलेल्या गुणांपैकी कोणते प्रकाशशास्त्राने ठरवलेले आणि कोणते सॉफ्टवेअरने वरून चढवलेले, हे कळले की निवड सोपी होते.

इतिहास

विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये सीसीडी या सेन्सरची कल्पना मांडली. त्याबद्दल २००९ मध्ये दोघे भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. कोडॅकमधील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये बनवलेला डिजिटल कॅमेरा १०० × १०० बिंदूंची कृष्णधवल प्रतिमा टिपत असे आणि ती कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद घेत असे. त्याचे वजन सुमारे ३.६ किलोग्रॅम होते, म्हणजे कॉम्पॅक्टपणाचा प्रश्नच नव्हता. १९९५ मध्ये बाजारात आलेल्या कॅसिओ क्यूव्ही-१० या कॅमेऱ्याच्या पाठीवर रंगीत पडदा होता. प्रतिमा जेमतेम ३२० × २४० बिंदूंची असली, तरी टिपलेले चित्र तिथल्या तिथे पाहण्याची सोय हौशी माणसाच्या हाती आली. चूक त्याच जागी दिसते आणि प्रसंग समोर असेपर्यंत सुधारता येते. छायाचित्रण शिकण्याची रीत या एका पडद्याने जितकी बदलली, तितकी पुढच्या कुठल्याही सुधारणेने बदलली नसावी.

नंतरची काही वर्षे जाडी कमी करण्याची चढाओढ चालली. मिनोल्टा डिमाज एक्स (२००२) मध्ये प्रिझमने प्रकाश काटकोनात वळवून झूमची सगळी हालचाल कॅमेऱ्याच्या अंगातच ठेवली होती. पेंटॅक्स ऑप्टिओ एस (२००३) मध्ये लेन्स मिटताना भिंगांचा एक गट रांगेतून बाजूला सरकत असे. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जोडलेल्या लेन्सचे १० कोटींहून अधिक कॅमेरे कारखान्यांबाहेर पडले. २०२३ मध्ये हा आकडा २० लाखांच्याही खाली होता. मधल्या काळात फोनमधला कॅमेरा चांगला झाला आणि साधे, स्वस्त कॉम्पॅक्ट जवळजवळ संपले. टिकले ते फोनला न जमणारे काहीतरी करणारे: मोठ्या सेन्सरचे, लांब झूमचे आणि पाण्यात चालणारे.

सेन्सर

कॅमेऱ्याचे गुणदोष ठरवणारी पहिली गोष्ट म्हणजे सेन्सरचे क्षेत्रफळ. बहुसंख्य कॉम्पॅक्टमध्ये तो ‘१/२.३ इंच’ मापाचा असतो. ही मापे फसवी आहेत. टीव्ही कॅमेऱ्यांतील जुन्या काचनळ्यांच्या बाहेरील व्यासावरून ती आलेली असल्याने सेन्सरच्या खऱ्या लांबी-रुंदीशी त्यांचा थेट संबंध लागत नाही. १/२.३ इंच म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ६.२ × ४.६ मिमी, तर ‘१ इंच’ म्हणजे १३.२ × ८.८ मिमी. दुसऱ्याचे क्षेत्रफळ पहिल्याच्या सुमारे चौपट भरते. ३६ × २४ मिमीच्या, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या, फुल फ्रेम सेन्सरचे क्षेत्रफळ १/२.३ इंचाच्या तीसपट असते.

क्षेत्रफळ महत्त्वाचे, कारण प्रतिमेतील खरखर, म्हणजे नॉइज, मुख्यतः किती प्रकाश गोळा झाला यावर अवलंबून असते. लहान सेन्सरवर भर उन्हातही ढगांचे तेज पांढरेफटक होते आणि सावल्या काळ्याठिक्कर पडतात. संध्याकाळी तर आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलतेचा आकडा) ४०० च्या पुढे केस, गवत, कापडाची वीण असले बारकावे पुसट होऊ लागतात. ते पुसण्यात कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरचाही हात असतो. खरखर काढण्याच्या नादात ते खऱ्या तपशिलालाच खरखर समजते. २००९ पासून सोनीने आणलेल्या सेन्सरमध्ये तारांचे जाळे प्रकाशसंवेदी थराच्या मागे गेले, त्यामुळे त्याच आकारात जास्त प्रकाश हाती लागतो. तरी चौपट क्षेत्रफळाची भरपाई त्यातून होत नाही.

मेगापिक्सेलचा आकडा मात्र उगाच मिरवला जातो. १२ मेगापिक्सेलची प्रतिमा ४००० × ३००० बिंदूंची असते आणि इंचाला ३०० बिंदू या दराने साधारण १३ × १० इंचांची स्वच्छ छपाई देते. बहुतेकांची गरज तिथेच संपते. १/२.३ इंचाच्या सेन्सरवर २० मेगापिक्सेल कोंबले, तर एका पिक्सेलची बाजू सुमारे १.२ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) उरते. शिवाय प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा वा निळा यांपैकी एकच रंग मोजतो. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी सुचवलेली आणि १९७६ मध्ये पेटंट मिळालेली ही गाळणी आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे. उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरले जातात.

लेन्स

लेन्सचे खरे फोकल अंतर, म्हणजे दृश्य किती रुंद वा किती जवळचे दिसेल हे ठरवणारे माप, सेन्सरबरोबर लहान होते, म्हणून जाहिरातीत ते ३५ मिमी फिल्मच्या तुलनेत सांगतात. १/२.३ इंचाच्या सेन्सरसाठी गुणक सुमारे ५.६, १ इंचासाठी २.७. ‘२५ मिमी’ असे लिहिलेल्या छोट्या कॅमेऱ्याची लेन्स त्यामुळे प्रत्यक्षात ४.५ मिमीची असते. ‘१० एक्स’ किंवा ‘३० एक्स’ हे केवळ सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड फोकल अंतरांचे गुणोत्तर आहे, दूरचे किती मोठे दिसेल याचा तो आकडा नव्हे. सुरुवात २४ मिमीला होते की ३५ ला, हे आधी पाहावे. लहान खोलीतील माणसांचा गट किंवा समोर उभी इमारत चौकटीत बसवताना हा फरक लगेच कळतो. डिजिटल झूम म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून ताणणे. ते काम नंतर संगणकावर जास्त निगुतीने होते, म्हणून ही सोय मेनूत जाऊन बंद ठेवलेली बरी.

झूम वाढवताना अ‍ॅपर्चर गपचूप लहान होत जाते. लेन्सवर एफ/३.३–६.९ असे कोरलेले असेल (आकडा मोठा तितके छिद्र लहान), तर लांबच्या टोकाला मिळणारा प्रकाश रुंद टोकाच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी असतो. हात हलल्याचा परिणामही लांब झूमवरच जास्त जाणवतो. दोन्ही अडचणी एकदम येतात आणि ‘झूम केले की फोटो खराब येतो’ ही नेहमीची तक्रार तिथून उगवते. त्यावर खरा इलाज म्हणजे शक्य असेल तेव्हा चार पावले पुढे जाणे.

लहान सेन्सरवर अ‍ॅपर्चर बारीक करून चित्र अधिक स्पष्ट मिळवण्याचा जुना सल्लाही चालत नाही. प्रकाश बारीक छिद्रातून जाताना पसरतो. एफ/८ ला हिरव्या प्रकाशाच्या एका बिंदूचा ठिपका सुमारे १०.७ मायक्रॉन रुंद होतो, म्हणजे १.२ मायक्रॉनच्या जवळपास नऊ पिक्सेलांवर तो फाकतो. अनेक स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये म्हणूनच बारीक करता येणारे अ‍ॅपर्चर नसतेच; ऊन जास्त झाले की करड्या काचेची गाळणी आड येते.

याउलट कमी फोकल अंतराचा एक फायदा फुकट मिळतो. ४.५ मिमीची लेन्स एफ/३.३ ला सव्वा मीटरच्या आसपास फोकस केली, तर साधारण ६० सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येते. निसर्गदृश्ये, रस्त्यावरची लगबग, लहान मुलांची धावपळ यांसाठी हे वरदानच. फुले, कीटक, नाणी असे जवळचे विषयही या कॅमेऱ्यांना चांगले साधतात. काहींत विषय लेन्सपासून अवघ्या एका सेंटिमीटरवर चालतो, मात्र झूम सर्वांत रुंद टोकाला ठेवावा लागतो आणि कॅमेऱ्याची सावली विषयावर पडते. व्यक्तिचित्रात मागचे सारे मऊ, धूसर हवे असेल तर मात्र लहान सेन्सर निराश करतो.

हाताची थरथर आणि फोकस

ऑप्टिकल स्थिरीकरण हे पैसे मोजून घेण्याजोगे वैशिष्ट्य आहे. जायरो सेन्सर हाताचे कंपन मोजतात आणि भिंगांचा एक गट किंवा खुद्द सेन्सर उलट दिशेला सरकतो. त्याच्याविना शटरचा वेळ ‘एक भागिले तुलनात्मक फोकल अंतर’ यापेक्षा जास्त नसावा, असा अनुभवाचा ठोकताळा आहे: १०० मिमीला १/१०० सेकंद. स्थिरीकरणाने त्याच्या कितीतरी पट लांब वेळ हातात धरून साधता येतो. नाचणारे मूल किंवा वाऱ्यावर हलणारे पान मात्र त्याने थांबत नाही. त्याला वेगवान शटरच लागते.

पूर्वीचे कॉम्पॅक्ट बटण दाबल्यावर क्षणभर थांबत आणि नेमके हसू हुकत असे. त्या विलंबाचा मोठा भाग फोकस शोधण्यात जाई, कारण लेन्स पुढेमागे करून कॅमेरा सर्वांत ठसठशीत प्रतिमा धुंडाळत असे. फुजीफिल्म एफ३००ईएक्सआर (२०१०) मध्ये फोकसची दिशा एका मोजणीत सांगणारे पिक्सेल सेन्सरवरच बसवले गेले. आजही बटण आधी अर्धे दाबून फोकस धरून ठेवणे आणि क्षण आला की पूर्ण दाबणे, ही सवय कुठल्याही महागड्या सुधारणेपेक्षा जास्त फोटो वाचवते.

प्रकाशाची मोजणी आणि फ्लॅश

कॅमेऱ्याचा मीटर समोरचे दृश्य सरासरी करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरतो. बर्फ, पांढरे कपडे किंवा धुके त्यामुळे मळकट येते, तर काळ्या पार्श्वभूमीवरचा चेहरा भगभगीत. यावर उपाय म्हणजे एक्सपोजर कॉम्पेन्सेशन: अधिक-उणे चिन्हाचे बटण. पांढऱ्यासाठी अधिक, काळ्यासाठी उणे. हे बटण बाहेरच आहे की मेनूच्या तिसऱ्या पानात दडवलेले आहे, हे पाहूनच कॅमेरा हौशी माणसाच्या सोयीचा आहे का ते बरेचसे कळते. ‘आतषबाजी’, ‘सूर्यास्त’, ‘बर्फ’ असल्या दृश्यप्रकारांची लांबलचक यादी त्यामानाने किरकोळ. ‘आतषबाजी’ म्हणजे दूरचा फोकस, कमी आयएसओ आणि लांब शटर, एवढेच. कॅमेरा स्टँडवर ठेवून ते हातानेही जुळवता येते.

फाइल ‘रॉ’ स्वरूपात साठवण्याची सोय असेल तर सेन्सरची मूळ मोजणी हाती राहते आणि पांढऱ्या रंगाचा तोल व सावल्यांतील तपशील नंतर सुधारता येतात. जेपेगमध्ये त्यातले पुष्कळसे कॅमेऱ्यानेच टाकून दिलेले असते.

अंगच्या फ्लॅशचा पल्ला तीन-चार मीटर. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथ्या हिश्श्यावर येतो, म्हणून दूरच्या रंगमंचावर तो उडवण्यात काहीच हशील नाही. लेन्सच्या अगदी जवळ असल्याने तो डोळ्याच्या पडद्यावरून परतून बाहुल्या लाल करतो. तरीही भर उन्हात हा चिमुकला फ्लॅश मोठ्या कॅमेऱ्यांना मागे टाकतो. बऱ्याच कॉम्पॅक्टमध्ये पाकळ्यांचे शटर लेन्समध्येच बसवलेले असते आणि ते १/१००० सेकंदालाही फ्लॅशशी जुळते. सेन्सरपुढे पडदा सरकवणारे शटर असलेल्या कॅमेऱ्यांची मर्यादा साधारण १/२०० ते १/२५० च्या आसपास असते. टोपीखाली काळवंडलेला चेहरा उजळण्यासाठी दुपारी फ्लॅश वापरण्याचे अनेकांना सुचतच नाही. पाकळ्यांच्या शटरचा आवाजही जेमतेम टिचकीएवढा असतो.

आजचे प्रकार

सोनी आरएक्स१०० (२०१२) ने १ इंचाचा २० मेगापिक्सेल सेन्सर खरोखर खिशात मावेल अशा अंगात बसवला आणि पुढे इतरांनी तीच वाट धरली. झूम नकोच असे म्हणणाऱ्यांसाठी आणखी मोठ्या, एपीएस-सी (सुमारे २४ × १६ मिमी) सेन्सरचे कॅमेरे आहेत: फुजीफिल्म एक्स१०० (२०११) ३५ मिमी तुलनात्मक एफ/२ लेन्सचा, रिको जीआर (२०१३) २८ मिमी एफ/२.८ चा. एकाच फोकल अंतरावर वर्षभर राहिले की चौकट डोळ्यांत बसते, असे त्यांचे चाहते म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पाण्यात चालणाऱ्या कॅमेऱ्यांत लेन्स बाहेर येत नाही. ऑलिंपस टीजी-६ सारखी मॉडेल १५ मीटर खोलीपर्यंत जातात. निकॉन पी१००० (२०१८) चा १२५ पट झूम ३००० मिमी तुलनात्मक अंतर गाठतो, पण १.४ किलोग्रॅमच्या त्या धुडाला कॉम्पॅक्ट म्हणणे धारिष्ट्याचेच आहे. अशांना ब्रिज कॅमेरे म्हणतात.

वापर आणि निगा

डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर थोड्याच मॉडेलमध्ये उरला आहे. कडक उन्हात पडद्यावरचे काही दिसेनासे होते, तेव्हा त्याची उणीव जाणवते. लहान अंगात लहानच बॅटरी मावते. एका चार्जिंगमध्ये साधारण २०० ते ३५० छायाचित्रे आणि थंडीत त्याहून कमी, म्हणून दुसरी बॅटरी जवळ असावी. व्हिडिओसाठी एसडी कार्डावर ‘व्ही३०’ हे चिन्ह पाहावे. सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची ती हमी आहे.

नाजूक जागा लेन्सची नळी ही होय. बॅगेत दाबून कॅमेरा चालू झाला किंवा वाळूचा कण फटीत गेला, तर नळी अर्ध्यावर अडकते. जोर लावून ती ढकलल्यास दातेरी चाके तुटतात. नळी आतबाहेर होताना हवेबरोबर धूळही आत ओढते. ती सेन्सरवर बसली की आकाशाच्या चित्रांत एकाच जागी करडा ठिपका दिसू लागतो, विशेषतः अ‍ॅपर्चर बारीक असताना. बदलत्या लेन्सच्या कॅमेऱ्यात लेन्स काढून सेन्सर साफ करता येतो. इथे त्यासाठी सारा कॅमेरा उघडावा लागतो आणि ते काम घरी करण्याजोगे नाही.