अल टून

अल टून हा न्यूयॉर्क जेट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा वाइड रिसीव्हर. १९८५ ते १९९२ अशी आठ वर्षं खेळला आणि डोक्याला परत परत बसलेल्या मारामुळे वयाच्या २९व्या वर्षी त्याला खेळ सोडावा लागला. हा फुटबॉल अमेरिकेतला, हेल्मेट घालून एकमेकांना पाडायचा, आणि रिसीव्हरचं काम म्हणजे पळत जाऊन फेकलेला बॉल पकडणं. पकडताना हात वर, नजर बॉलवर, कधी कधी पायसुद्धा हवेत, त्यामुळे बाजूने कोण येतंय ते कळायच्या आत धडक बसलेली असते आणि स्वतःला सावरायला हात काही मोकळे नसतात.

टून विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीचा, तिथे तिहेरी उडीतही चमकलेला. १९८५च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, जेट्सनी त्याला दहाव्या नंबरला घेतलं, पुढे दंतकथा झालेला रिसीव्हर जेरी राइस त्याच ड्राफ्टमध्ये सोळावा होता, यावरून काय ते समजा. १९८८ला ९३ कॅच घेतले, लीगमध्ये सगळ्यात जास्त. करिअरचे एकूण ५१७ कॅच, ६,६०५ यार्ड, ३१ टचडाउन (बॉल समोरच्या संघाच्या टोकाच्या रेषेपार नेऊन केलेला स्कोर).

आणि कमीत कमी नऊ कन्कशन, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूला झालेली इजा. हेल्मेटने कवटी वाचते पण आतला मेंदू हिंदकळायचा तो हिंदकळतोच, आणि आधीचं पुरतं बरं व्हायच्या आत परत मार बसला तर त्रास वाढत जातो. त्या काळी डोकं गरगरत असतानाही पोरं परत मैदानात उतरायची आणि लोक त्याला जिगर म्हणायचे, हे चूकच होतं. नोव्हेंबर १९९२ मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोजविरुद्ध शेवटचा मार बसला, मग उजेड सहन होईना, चिडचिड वाढली, आणि त्याच महिन्यात त्याने रिटायर व्हायचं ठरवलं. मला तरी हा त्याच्या करिअरमधला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय वाटतो, कारण तेव्हा असं थांबणारे फार थोडे होते.

त्याच्यावर उपचार करणारे जेट्सचे डॉक्टर इलियट पेलमन १९९४ मध्ये लीगच्या कन्कशन समितीचे प्रमुख झाले. ते मुळात संधिवाताचे डॉक्टर, मेंदूचे नव्हेत, आणि या समितीने पुढे कितीतरी वर्षं दूरगामी धोका कमीच दाखवला, त्यावर जोरदार टीका झाली. टूनने नंतर विस्कॉन्सिनमध्ये बिझनेस केला, ग्रीन बे पॅकर्स या संघाच्या संचालक मंडळावरही गेला. मुलगा निकसुद्धा रिसीव्हरच झाला, २०१२ला न्यू ऑर्लीन्स सेंट्सनी त्याला घेतलं. जेट्सच्याच वेन क्रेबेट या रिसीव्हरचं करिअरही २००५ मध्ये कन्कशननेच संपलं.