परदेशी पोस्टडॉक : गणित आणि भौतिकशास्त्रासाठी अर्ज कधी, कुठे, कोणत्या कागदांसह

नाशिकमधून पीएचडी करणारे बरेच जण थिसिस जमा केल्यावर पोस्टडॉक (पीएचडीनंतरची ठराविक मुदतीची संशोधनाची नोकरी) शोधू लागतात आणि तिथेच वर्ष हुकतं. पुढच्या सप्टेंबरला रुजू व्हायचं तर बहुतेक अर्ज आदल्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्येच जायला हवेत. व्हायवा बाकी असला तरी सहसा चालतं. रुजू होण्याआधी पदवी मिळेल, एवढं गाइडने पत्रात लिहावं.

गणिताच्या जागा, विशेषतः अमेरिकेतल्या, मॅथजॉब्ज या वेबसाइटवर निघतात. कणभौतिकीसाठी इन्स्पायर ही साइट बघा (आपल्या केंद्र सरकारची त्या नावाची योजना वेगळी), खगोलशास्त्रासाठी अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं जॉब रजिस्टर. प्रयोगशाळेतलं काम असेल तर थेट प्राध्यापकांना मेल करा. दहाच ओळी, पण त्यांच्या कोणत्या पेपरशी तुमचं काम जुळतं हे त्यात आलंच पाहिजे. 'रिस्पेक्टेड सर' लिहून पन्नास जणांना धाडलेला मेल कुणी उघडत नाही.

सीव्ही, प्रकाशनांची यादी, संशोधनाचा आराखडा आणि तीन शिफारसपत्रं, एवढे कागद जवळपास सगळीकडे लागतात. गणितात अध्यापनाविषयीचं निवेदन आणि बऱ्याचदा शिकवण्यावरचं चौथं पत्रही. घोळ होतो तो पत्रांत. कॉलेजच्या लेटरहेडवर शिक्का मारून तुमच्या हाती दिलेलं, 'टू हूमसोएव्हर' छापाचं पत्र इथे कामाचं नाही. पोर्टल शिफारस करणाऱ्याला लिंक पाठवतं आणि पत्र त्यांनीच चढवायचं; तुम्हाला ते दिसतही नाही. त्यांचा मेल संस्थेचा द्या, लिंक स्पॅममध्ये तर गेली नाही ना ते विचारा आणि महिनाभर आधी सांगून ठेवा. तीनपैकी एक तरी पत्र गाइडच्या वर्तुळाबाहेरचं हवं. 'मेहनती व नम्र' यापेक्षा तुमच्या एखाद्या प्रमेयाबद्दलचा एक परिच्छेद भारी पडतो.

फेलोशिपचे नियम वेगळे. जर्मनीच्या हुम्बोल्टसाठी पीएचडी होऊन 4 वर्षांच्या आत असावं लागतं आणि अर्ज वर्षभर करता येतो. युरोपच्या मेरी क्युरीला यजमान देशात मागच्या 36 महिन्यांत 12 पेक्षा जास्त महिने राहिलेलं चालत नाही. तिची मुदत सप्टेंबरमध्ये, ब्रुसेल्सच्या संध्याकाळी 5 ला संपते, म्हणजे आपल्याकडे रात्री 8:30. नोव्हेंबरच्या मध्यातली न्यूयॉर्कची रात्री 11:59 ची मुदत आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी 10:29 ला येते.

ऑफर आल्यावर अमेरिकेसाठी संस्था डीएस-2019 हा फॉर्म पाठवते. त्यावर जे-1 व्हिसा, मुलाखत मुंबईत. पदवीला अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून सरकारी शिक्कामोर्तब) हवं का, हे संस्थेला विचारूनच पैसे खर्च करा, कारण सगळ्या देशांना ते लागत नाही.

पासपोर्ट मात्र अर्जाआधीच काढून ठेवा. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी असतं, शेवटी आईचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. तिन्ही नावांचं स्पेलिंग दोन्हीकडे अक्षरशः जुळतंय का ते बघा. चूक असेल तर विद्यापीठाकडून दुरुस्ती आधी करून घ्या, व्हिसाच्या घाईत तेवढा वेळ नसतो.