गजांआडच्या आदिवासी स्त्रिया: कॅमेरा आत कसा पोहोचला

कॅनडातल्या किंग्स्टन शहरात स्त्रियांसाठी एक तुरुंग होता. २६ एप्रिल १९९४ च्या रात्री तिथे जे चित्रीकरण झाले, त्याला ना दिग्दर्शक होता ना पटकथा. चार दिवसांपूर्वी पहारेकऱ्यांशी झालेल्या झटापटीनंतर सहा कैदी स्त्रियांना एकांतकोठडीत टाकले होते. वातावरण तापत गेले, तुरुंगाचे कर्मचारी बाहेर निदर्शने करू लागले, आणि शेवटी जवळच्या पुरुषांच्या तुरुंगातून आपत्कालीन तुकडी बोलावण्यात आली. हेल्मेट, ढाली, तोंडावर आवरण, आणि तुकडीत सगळे पुरुष. त्यांनी एकांतकोठड्यांतल्या या सहा आणि आणखी दोन अशा आठ स्त्रियांना एकेक करून विवस्त्र केले, कपडे कापून काढले, हातापायांत बेड्या घातल्या आणि अंगावर कागदाचे झगे चढवले. या आठांतल्या काही जणी आदिवासी होत्या. अशा कारवाईचे चित्रीकरण झालेच पाहिजे, असा तुरुंगाचा नियम होता. कॅमेरा चालू होता तो त्यामुळे.

पुढच्या वर्षी, २१ फेब्रुवारी १९९५ ला, सीबीसी वाहिनीच्या ‘द फिफ्थ इस्टेट’ या शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमात त्या फितीतला भाग दाखवला गेला आणि देश हादरला. तोपर्यंत तुरुंग प्रशासनाची भाषा वेगळी होती: शिस्त, सुरक्षा, आवश्यक तेवढेच बळ. फीत पाहिल्यावर ती भाषा टिकणे अवघड झाले. न्यायमूर्ती लुईझ आर्बर यांचा चौकशी आयोग बसला आणि १९९६ मध्ये त्यांचा अहवाल आला. या तुरुंगात नियम जागोजागी आहेत, पण कायद्याचे राज्य कुठेच नाही, असा त्यांचा निष्कर्ष. तुरुंगखात्याच्या प्रमुखाला पद सोडावे लागले. आर्बर त्याच वर्षी हेगला युगोस्लाव्हिया आणि रवांडा न्यायाधिकरणांच्या मुख्य अभियोक्ता म्हणून गेल्या.

आदिवासी स्त्रियांच्या तुरुंगवासाविषयीच्या चित्रपटांची पार्श्वभूमी सांगताना मी मुद्दाम या फितीपासून सुरुवात करतो आहे. या विषयात कायद्याला हलवणारी बरीचशी दृश्ये सिनेमावाल्यांनी टिपलेली नाहीत. ती व्यवस्थेच्या स्वतःच्या कॅमेऱ्यांनी, स्वतःच्या दप्तरासाठी टिपली आणि नंतर ती तिच्याच अंगाशी आली. सिनेमा मागून आला, आणि बराच उशिरा.

आधी त्या स्त्रिया एवढ्या संख्येने तुरुंगात कशा पोहोचल्या ते पाहायला हवे. किंग्स्टनचा तुरुंग १९३४ मध्ये उघडला. मोठ्या शिक्षा भोगणाऱ्या स्त्रियांसाठी सगळ्या देशात केंद्र सरकारचा तेवढा एकच. पश्चिमेकडच्या प्रेअरी प्रांतातली क्री या आदिवासी समाजातली बाई शिक्षेवर आली की मुले हजारो किलोमीटरवर राहत. भेटीला येणार कोण आणि कशाच्या जोरावर? हा तुरुंग बंद करा, अशी शिफारस १९३८ च्या आर्चम्बॉल्ट आयोगानेच केली होती. त्यानंतरही समित्या येत राहिल्या, तेच सांगत राहिल्या, आणि तुरुंग २००० सालापर्यंत चालूच राहिला. (सरकारी समित्यांचे अहवाल कपाटात कसे मुरतात, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.)

त्याआधीचा इतिहास आणखी लांबचा आहे. १८७६ च्या ‘इंडियन अॅक्ट’ने आदिवासींच्या जगण्याचा कोपरा न् कोपरा सरकारी ताब्यात घेतला. परक्या समाजातल्या पुरुषाशी लग्न करणाऱ्या बाईचा आदिवासी दर्जाच हा कायदा काढून घेई, आणि हे १९८५ पर्यंत चालले. मुलांना घरातून उचलून चर्चच्या निवासी शाळांत कोंडले जाई. पुढे १९६० च्या दशकात बालकल्याणाच्या नावाखाली हजारो मुले गोऱ्या कुटुंबांत दत्तक दिली गेली. तुरुंगात आलेल्या बहुतेक आदिवासी स्त्रियांच्या मागे यातली एखादी तरी गोष्ट होती, आणि कित्येकींच्या मागे सगळ्याच.

हे सांगायला कोणी बाहेरचा तज्ज्ञ लागला नाही. फ्रॅन शुगर आणि लाना फॉक्स या दोघी स्वतः शिक्षा भोगून सुटलेल्या आदिवासी स्त्रिया. १९९० च्या सुमारास त्यांनी सुटून आलेल्या ३९ आदिवासी स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. मारहाण, बलात्कार, परक्या घरांतले बालपण, तुरुंगात गेल्यावर पुन्हा तेच अंगावर हात टाकणे, हे सगळे त्या बायकांच्या शब्दांत पहिल्यांदा कागदावर आले. त्याच काळात, १९८८ ते १९९१ दरम्यान, किंग्स्टनमध्ये एकामागून एक आत्महत्या झाल्या. मरणाऱ्या बहुतेक जणी आदिवासी होत्या. १९९० मध्येच सरकारी कृतिदलाने किंग्स्टन बंद करून प्रादेशिक तुरुंग उभारायला सांगितले. शिवाय आदिवासी स्त्रियांसाठी वेगळे केंद्र हवे, जिथे वडीलधाऱ्या स्त्रिया असतील, विधी असतील, मुलांना सोबत ठेवता येईल. ते केंद्र १९९५ मध्ये सस्कॅचवान प्रांतात मेपल क्रीकजवळ नेकानीट समाजाच्या जमिनीवर उघडले. मात्र कमाल सुरक्षेच्या वर्गात टाकलेल्या कैद्यांना तिथे प्रवेश नव्हता, आणि त्या वर्गात आदिवासी स्त्रियांचेच प्रमाण अवाजवी होते. ज्यांच्यासाठी घर बांधले त्यांतल्या अनेकींना दार बंदच.

पडद्यावर यातले किती आले? किंग्स्टनच्या तुरुंगावरचा पहिला गाजलेला माहितीपट १९८१ चा, जॅनिस कोल आणि हॉली डेल या दोघींचा. निवेदनाचा भडिमार न करता त्यांनी कैदी स्त्रियांना बोलू दिले: जन्मठेप, अंगावर ब्लेड चालवणे, आत जडलेली प्रेमे. माहितीपटासाठीचा कॅनडाचा राष्ट्रीय सन्मान, ‘जिनी’ पुरस्कार, त्याला मिळाला. धीट काम होते. पण त्यात आदिवासी असणे हा प्रश्न केंद्रात नाही. कैदी बाई ही एकच ओळख पुढे येते. त्या काळातल्या स्त्रीवादी माहितीपटांचीही बव्हंशी हीच मर्यादा होती.

कथात्म पडद्यावर तर स्त्रियांचा तुरुंग हे एक लोकप्रिय, थोडे चटोर दुकान होते. ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी १९७९ मध्ये ‘प्रिझनर’ ही मालिका सुरू झाली, १९८६ पर्यंत चालली आणि ६९२ भाग झाले. मेलबर्नमधला वेंटवर्थ नावाचा काल्पनिक तुरुंग, कपडे धुण्याच्या खोलीतली सत्तास्पर्धा, खडूस वॉर्डन. त्या काळात ऑस्ट्रेलियाच्या खऱ्या तुरुंगांत आदिवासी स्त्रिया त्यांच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट होत्या, पण मालिकेचे जग जवळपास सगळे गोऱ्या कामगारवर्गीय बायकांचे. हीच कथा नव्याने मांडणारी ‘वेंटवर्थ’ २०१३ मध्ये आली तेव्हा चित्र बदलले होते. शरीना क्लँटनने रंगवलेली डोरीन पहिल्या भागांपासून होती आणि तिचे तुरुंगातले आईपण हा मोठा धागा होता. पुढे लिआ पर्सेल आणि रॅरीवाय हिक या रीटा आणि रुबी या बहिणींच्या भूमिकांत आल्या. आदिवासी पात्रे, आदिवासी अभिनेत्री, आणि त्या कथेचा कणा झालेल्या. मला तरी हा बदल पुरस्कारप्राप्त माहितीपटांपेक्षा कमी महत्त्वाचा वाटत नाही; लोक रात्री घरी बसून पाहतात ते हेच. तरी मालिकेला खलनायिका लागते, सुरी लागते, पळून जाण्याचा बेत लागतो. दंड भरला नाही म्हणून आत गेलेली बाई अशा कथेत मावत नाही.

आणि खरी गोष्ट बहुतेक वेळा तीच असते. ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगाने १९८७ ते १९९१ या काळात काम करून, १९८० ते १९८९ दरम्यान कोठडीत मेलेल्या ९९ आदिवासींची प्रकरणे तपासली. त्यांत ११ स्त्रिया होत्या. ९९ पैकी ४३ जण लहानपणी घरापासून तोडले गेलेले होते. आयोगाने ३३९ शिफारशी केल्या. सार्वजनिक ठिकाणी नशेत असणे हा गुन्हा मानू नका, तुरुंग हा शेवटचा उपाय ठेवा, ही त्यांतली ठळक सूत्रे. २०१८ मध्ये संसदेत मांडलेल्या विधी आयोगाच्या अहवालात आकडा होता: देशातल्या प्रौढ स्त्रियांत आदिवासी सुमारे २ टक्के, कैदी स्त्रियांत ३४ टक्के.

या आकड्यांना चेहरा मिळाला तो पुन्हा भिंतीवरच्या कॅमेऱ्यामुळे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या साउथ हेडलंडमध्ये ऑगस्ट २०१४ मध्ये मिस धू ही यमाजी या आदिवासी समाजातली २२ वर्षांची तरुणी ३,६२२ डॉलर दंड थकला म्हणून पोलीस कोठडीत गेली. बरगडी आधीच मोडलेली, तिथून संसर्ग शरीरभर पसरला. रुग्णालयात नेऊन परत आणले, तरी ती नाटक करते आहे असेच पोलिसांनी मानले. तिला फरफटत नेतानाचे चित्रण सीसीटीव्हीत होते. ती मेली.

इथे एक अवघड पेच उभा राहिला. अनेक ऑस्ट्रेलियन आदिवासी समाजांत शोककाळात मृताचे नाव घेत नाहीत, चित्र दाखवत नाहीत, आवाज ऐकवत नाहीत. तिथल्या चित्रपटांच्या आणि बातम्यांच्या आधी, यात मृत व्यक्तींची चित्रे असू शकतात, अशी सूचना येते ती त्यामुळेच. तिला ‘मिस धू’ म्हणतात, पहिले नाव टाळतात, तेही त्यामुळे. तरी तिच्या घरच्यांनी ती फीत जाहीर करा अशी मागणी लावून धरली, आणि डिसेंबर २०१६ मध्ये मृत्यू-चौकशीच्या निष्कर्षांबरोबर तिचे भाग खुले झाले. रीत मोडून दाखवायचे, की रीत पाळून विसरू द्यायचे? हा निर्णय कोणत्याही दिग्दर्शकाच्या हातात नव्हता, घरच्यांच्या होता, आणि तो तसाच असायला हवा. ऑस्ट्रेलियाच्याच व्हिक्टोरिया राज्यात टान्या डे या योर्टा योर्टा समाजातल्या स्त्रीच्या घरच्यांनी हाच मार्ग धरला. २०१७ च्या डिसेंबरात रेल्वेगाडीत झोप लागली म्हणून, नशेत आहे या कारणावरून, पोलिसांनी तिला उतरवून कोठडीत टाकले. तिथे पडून डोक्याला मार लागला आणि ती गेली. सार्वजनिक नशेचा तो गुन्हा व्हिक्टोरियाने २०२३ मध्ये रद्द केला. शाही आयोगाने सांगितल्यानंतर ३२ वर्षांनी.

आदिवासी दिग्दर्शक या विषयाकडे वळले ते आपापल्या वाटांनी. कॅनडात मिग्मॉ या आदिवासी समाजातले दिग्दर्शक जेफ बार्नबी यांनी २०१३ च्या आपल्या चित्रपटात एका किशोरवयीन मुलीला निवासी शाळेच्या अंधारकोठडीत दाखवले. तुरुंगाची सुरुवात शाळेतच झाली, हे त्यांना व्याख्यान न देता सांगता आले. ऑस्ट्रेलियात केलरिक मार्टिन यांनी डार्विनच्या बेरिमा तुरुंगातल्या कैद्यांना स्वतःच्या आयुष्यावरची गाणी गायला लावून २०१५ मध्ये चक्क सांगीतिक माहितीपट केला. डीन गिब्सन यांचा २०२१ चा माहितीपट वसाहतकाळापासूनच्या कैदेचा सलग हिशेब मांडतो. कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया प्रांतात तीन दिग्दर्शिकांनी २०१९ च्या माहितीपटासाठी थेट कैदी स्त्रियांच्याच हाती कॅमेरा दिला. तो केवळ आदिवासी स्त्रियांविषयी नाही, पण पद्धत लक्षात ठेवण्यासारखी. या सगळ्यांना एक अडथळा समान. आत जायचे तर परवानगी तुरुंगखात्याचीच लागते, आणि एकांतकोठडीपर्यंत ती क्वचितच पोहोचते. कॅनडात २०२१ च्या अखेरीस केंद्रीय तुरुंगांतल्या स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या आदिवासी होत्या.

व्हेरोनिका नेल्सन ही ३७ वर्षांची आदिवासी स्त्री जानेवारी २०२० मध्ये मेलबर्नच्या स्त्री-तुरुंगात मेली. किरकोळ चोरीच्या आरोपांवर जामीन नाकारला होता. कोठडीतल्या इंटरकॉमवरून तिने रात्रभर पुन्हा पुन्हा मदत मागितली होती. ते आवाज घरच्यांच्या संमतीने जगाने ऐकले. २०२३ मध्ये मृत्यू-चौकशी अधिकाऱ्यांनी हा मृत्यू टाळता आला असता असे म्हटले आणि व्हिक्टोरियाच्या जामीन कायद्यावर कडक ताशेरे ओढले. कायदा त्याच वर्षी सैल झाला. २०२५ मध्ये त्याच राज्याने तो पुन्हा आवळला.