कमांड लाइन : लिनक्सवरील प्राथमिक सराव

कमांड लाइन म्हणजे माऊसऐवजी टंकलेल्या आज्ञांनी संगणकाला काम सांगण्याची पद्धत. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत (तयार आवृत्त्यांत) या आज्ञा 'बॅश' हे शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्राम) वाचते. ब्रायन फॉक्स यांनी ते ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी लिहिले आणि १९८९ मध्ये ते प्रसिद्ध झाले. उबुंटू या वितरणावर कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकत्र दाबले की टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकायची खिडकी, उघडते. येथे आज्ञा उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या लहान रोमन अक्षरांत टंकतात. एखादे अक्षर मोठे पडले, की 'कमांड नॉट फाउंड'.

सुरुवातीला थोड्या आज्ञा पुरतात. आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत हे 'पीडब्ल्यूडी' सांगते, 'एलएस' यादी दाखवते, 'सीडी'ने फोल्डर बदलतो. नाव अर्धे टंकून टॅब दाबले की उरलेले शेल पूर्ण करते; ही सवय पहिल्याच दिवशी लावावी.

सराव ओळखीच्या माहितीवर करावा. सांगलीत पावसाळा लागला की आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी घरोघरी विचारली जाते : ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. 'नॅनो' या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये 'पातळी' नावाची फाइल करून ४०, ९, ४५, १८ हे आकडे एकेका ओळीत लिहावेत आणि 'सॉर्ट' चालवावे. उत्तर येते १८, ४०, ४५, ९. सॉर्ट ओळी अक्षरांप्रमाणे लावते, म्हणून ९ शेवटी जातो. '-एन' जोडले की तो पहिला येतो. मराठी कीबोर्डवर शिकणाऱ्यांची गाडी इथे हमखास अडते, कारण '-एन' देवनागरी अंकांना संख्या मानतच नाही. आकडे इंग्रजी अंकांतच टंकावेत.

उत्तर फाइलमध्ये साठवायला '>' वापरतात. सॉर्ट केलेली 'पातळी' त्याच 'पातळी'त पाठवली, तर फाइल कोरी होते : शेल आधी '>' पुढची फाइल रिकामी करते, मग सॉर्टला चालवते, आणि तोवर वाचायला काही उरलेले नसते. उत्तराला वेगळे नाव द्यावे. जुन्या मजकुराखाली भर घालायची असेल तर '>>'.

'आरएम'ने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही, ती गेलीच. '-आय' जोडल्यास आधी विचारणा होते. नवशिक्याने ते जोडावेच. चालू आज्ञा कंट्रोल-सीने थांबते, त्यामुळे मजकूर कॉपी करताना सोबत शिफ्टही दाबावे लागते. कोणत्याही आज्ञेची माहिती 'मॅन' देते. तिथून बाहेर पडायला क्यू.