धान्यजन्य जैवइंधन : सामाजिक लाभ-हानी (सातारा व सांगली जिल्हे)

मका, तांदूळ, ज्वारी, बाजरी यांसारख्या धान्यांतील पिष्टाचे शर्करेत रूपांतर करून व ती आंबवून मिळविलेल्या, पेट्रोलमध्ये मिसळण्यायोग्य निर्जल इथेनॉलला धान्यजन्य जैवइंधन म्हणतात. उसाचा रस वा मळी यांपासूनच्या इथेनॉलहून त्याचा कच्चा माल वेगळा असला, तरी हाती येणारा पदार्थ एकच असतो. त्यामुळे त्याच्या सामाजिक परिणामांची चर्चा इंधनापेक्षा ते धान्य एरवी कोणाच्या वाट्याला गेले असते, या प्रश्नाभोवती फिरते. सातारा व सांगली या जिल्ह्यांत या धान्याचे सर्व हक्कदार शेजारीशेजारी आढळतात. कराड, वाळवा, पलूस या तालुक्यांत कृष्णाकाठचा ऊसपट्टा व त्यावर उभ्या असलेल्या साखर कारखान्यांच्या आसवन्या (मद्यार्क गाळण्याचे कारखाने) आहेत. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठे महांकाळ हा शाळू (रब्बी ज्वारी) व बाजरीचा अवर्षणप्रवण टापू आहे. आणि खानापूर तालुक्यातील विटा परिसरात मक्यावर अवलंबून असलेला अंडी-उत्पादनाचा मोठा व्यवसाय आहे.

प्रारंभ : या भागात जैवइंधनाचा प्रारंभ केव्हा झाला, याविषयी तीन मते मांडता येतात. पहिल्या मतानुसार तो २००१ मध्ये मिरजेत झाला. केंद्र शासनाने त्या वर्षी इथेनॉलमिश्रित पेट्रोलचे जे प्रायोगिक प्रकल्प हाती घेतले, त्यांत महाराष्ट्रातील मिरज व मनमाड आणि उत्तर प्रदेशातील आंवला (बरेली) ही ठिकाणे होती. पुढे २००३ मध्ये नऊ राज्यांत व चार केंद्रशासित प्रदेशांत पाच टक्के मिश्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. मिरजेचा हा मान निर्विवाद असला, तरी ते इथेनॉल मळीपासूनचे असल्याने धान्यजन्य इंधनाचा आरंभ तेथे मानणे सयुक्तिक ठरत नाही. याहून मागे जाऊन दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास म्हैसूर व संयुक्त प्रांतांत झालेले ‘पॉवर अल्कोहोल’चे कायदे आणि १९४८ चा केंद्रीय कायदा यांचाही दाखला दिला जातो; तथापि तीही परंपरा मळीचीच होय.

दुसरे मत २००७ च्या राज्य धोरणाकडे बोट दाखविते. ज्वारी, बाजरी, मका इत्यादींपासून मद्यार्क तयार करणाऱ्या प्रकल्पांना महाराष्ट्र शासनाने त्या वर्षी प्रोत्साहन देऊ केले व प्रतिलिटर दहा रुपये साहाय्याची तरतूद केली. काढणीच्या वेळी पाऊस लागून काळी पडलेली खरीप ज्वारी बाजारात कोणी घेत नाही, तिला गिऱ्हाईक मिळावे, असे त्याचे समर्थन होते. हे समर्थन मुख्यतः मराठवाडा व विदर्भातील संकरित ज्वारीला लागू पडणारे होते. माण-जतकडचा शाळू रब्बीत, कोरड्या हवेत पिकतो. तो सहसा काळा पडत नाही. शिवाय या प्रकल्पांतून निघणारा मद्यार्क प्राधान्याने पेय मद्याकडे जाणार, हे उघड होते. म्हणूनच २००९–१० च्या सुमारास डॉ. अभय बंग यांच्यासह अनेकांनी या धोरणाला जो विरोध केला, तो भाकरीच्या धान्याची दारू करण्याला होता, इंधनाला नव्हता. ‘आडवी बाटली’च्या मतदानाने दारूची दुकाने बंद करणाऱ्या गावांच्या सातारा जिल्ह्यात या विरोधाला सहानुभूती मिळणे स्वाभाविक होते.

तिसरे मत २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाला प्रारंभ मानते आणि केवळ इंधनापुरते पाहता तेच अधिक ग्राह्य दिसते. त्याआधीच्या, म्हणजे २००९ च्या, धोरणाचा भर अखाद्य कच्च्या मालावर होता. २०१८ मध्ये मानवी आहारास अयोग्य ठरलेले धान्य व तांदळाची कणी आणि राष्ट्रीय जैवइंधन समन्वय समितीच्या संमतीने अतिरिक्त धान्यही इथेनॉलसाठी वापरण्यास मुभा मिळाली. वीस टक्के मिश्रणाचे मूळचे २०३० चे उद्दिष्ट पुढे २०२५–२६ वर आणण्यात आले. दहा टक्क्यांचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला गेला आणि २०२३–२४ च्या पुरवठा वर्षात धान्यापासूनच्या इथेनॉलने उसापासूनच्या इथेनॉलला मागे टाकले. यामागे धोरणापेक्षा पावसाचा हात मोठा होता : २०२३ च्या अपुऱ्या पावसामुळे साखर कमी पडेल या भीतीने त्या वर्षीच्या डिसेंबरात उसाच्या रसाच्या वापरावर निर्बंध आले आणि तेल कंपन्यांची गरज मक्याकडे वळली.

प्रक्रिया व ताळेबंद : धान्य भरडून पाण्यात कालवतात, विकरांच्या साहाय्याने पिष्टाची शर्करा करतात, किण्वाने ती आंबवितात, ऊर्ध्वपातनाने मद्यार्क वेगळा करतात व रेण्वीय चाळणीतून त्यातील उरलेले पाणी काढून टाकतात. ढोबळमानाने धान्याच्या वजनाचा एकतृतीयांश भाग इथेनॉल होतो, एकतृतीयांश कार्बन डाय-ऑक्साइड होऊन निघून जातो आणि उरलेला एकतृतीयांश ‘डीडीजीएस’ या नावाच्या प्रथिनयुक्त चोथ्याच्या रूपाने मागे राहतो. एक क्विंटल मक्यापासून सुमारे ३८ लिटर, तर तांदळापासून सुमारे ४५ लिटर इथेनॉल मिळते.

या आकड्यांवरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. २०२४–२५ च्या हंगामात मक्याचा हमीभाव प्रतिक्विंटल २,२२५ रुपये, तर मालदांडी ज्वारीचा, म्हणजे शाळूचा, ३,४२१ रुपये होता. हमीभावानेच खरेदी धरल्यास मक्यापासूनच्या एका लिटरमागे कच्च्या मालाचा खर्च सुमारे साडेअठ्ठावन्न रुपये पडतो. ज्वारीचा उतारा मक्याइतकाच मानला, तरी तो नव्वद रुपयांवर जातो. मक्याच्या इथेनॉलचा खरेदीदर जानेवारी २०२४ पासून प्रोत्साहनासह ७१ रुपये ८६ पैसे होता. म्हणजे शाळू आसवनीत जाईल ही भीती, निदान त्या हंगामाच्या भावांत, हिशेबाला टिकत नाही. या दोन जिल्ह्यांत प्रश्न मक्याचा आणि रेशनच्या तांदळाचा आहे.

अन्न की इंधन : जागतिक पातळीवर हा वाद अमेरिकेतील मक्यामुळे पेटला. २००५ व २००७ च्या कायद्यांनी तेथे जैवइंधनाचा वापर अनिवार्य झाला. कालांतराने तेथील सुमारे ४० टक्के मका इथेनॉलकडे जाऊ लागला. जानेवारी २००७ मध्ये मक्याच्या भाववाढीमुळे मेक्सिकोत निदर्शने झाली आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचे अन्नहक्कविषयक प्रतिनिधी झाँ झिग्लर यांनी अशा इंधनाला मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हटले. २००८ च्या अन्नधान्य-भाववाढीतील त्याच्या वाट्याविषयी मात्र अर्थतज्ज्ञांत टोकाचे मतभेद आहेत. जागतिक बँकेतील डोनाल्ड मिचेल यांनी जैवइंधन व त्यामुळे घटलेले साठे, बदललेला जमीनवापर, सट्टेबाजी, निर्यातबंदी या साऱ्यांचा मिळून वाटा ७० ते ७५ टक्के धरला, तर अमेरिकी शासनाच्या अर्थसल्लागारांनी तो अवघा तीन टक्क्यांच्या घरात मांडला. सत्य या दोहोंमध्ये कोठेतरी असावे, असे मानण्याकडे नंतरच्या अभ्यासकांचा कल आहे. चीनने २००७ मध्ये धान्यावरील नव्या प्रकल्पांना मंजुरी देणे थांबविले आणि दक्षिण आफ्रिकेने आपल्या धोरणातून मका वगळला. भारताने नेमक्या त्याच पिकाला पुढे उत्तेजन दिले.

पेट्रोलच्या टाकीतील धान्याची रेशनशी तुलना अनेकदा केली जाते. वीस टक्के मिश्रणाच्या दहा लिटर पेट्रोलमधील दोन लिटर इथेनॉल सर्वस्वी मक्याचे धरल्यास सुमारे सव्वापाच किलो मका लागतो. अन्नसुरक्षा कायद्यानुसार (२०१३) प्राधान्य गटातील एका व्यक्तीस महिन्याला पाच किलो धान्य मिळते. आकडे बरोबर असले तरी निष्कर्ष फसवा आहे, कारण या भागात मका माणसाच्या ताटात क्वचितच येतो. तो कोंबडीच्या व जनावराच्या तोंडून येतो.

खरा ताण तेथेच जाणवतो. अंडी देणारी कोंबडी दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते आणि त्यात निम्म्याच्या आसपास मक्याचा भरडा असतो. दहा हजार पक्ष्यांच्या विट्याकडील शेडला या हिशेबाने रोज साडेपाच ते सहा क्विंटल मका लागतो. भाव क्विंटलमागे तीनशे रुपयांनी चढला, तर दिवसाचा खर्च सतराशे-अठराशे रुपयांनी वाढतो. अंड्याचा घाऊक दर मात्र पोल्ट्रीवाल्याच्या हाती नसतो. २०२४ मध्ये देशाला म्यानमार, युक्रेन येथून मका आणावा लागला आणि भारत मक्याचा निव्वळ आयातदार बनला. याच भाववाढीची दुसरी बाजू मका पिकविणाऱ्याच्या लाभाची आहे. खटाव-माणमधील कोरडवाहू शेतकऱ्याच्या मक्याला कोंबडीखाद्यवाल्यांखेरीज आणखी एक गिऱ्हाईक मिळाले, आणि २०१८ पासून पडलेल्या लष्करी अळीच्या फवारण्यांचा खर्च सोसूनही पीक टिकण्यास ते कारण ठरले. या दोन घटकांपैकी कोणाचे पारडे जड मानावे, हे शेवटी मक्याचा दर हमीभावाच्या वर राहतो की खाली, यावर अवलंबून आहे. दर खाली असेल तेव्हा आसवनीची मागणी शेतकऱ्याला तारते, वर असेल तेव्हा तीच अंडी महाग करते.

डीडीजीएसचा परिणाम याहून गुंतागुंतीचा आहे. हा चोथा खाद्यात सोयापेंडीची जागा घेतो. धान्याच्या आसवन्या वाढल्या तसा तो स्वस्त व मुबलक झाला आणि पेंडीची मागणी मंदावली. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचे भाव ४,८९२ रुपयांच्या हमीभावाच्या बरेच खाली राहण्यामागे जागतिक मंदीसोबत हेही एक कारण सांगितले जाते. म्हणजे मक्यात जे मिळाले त्यातील काही भाग कोरेगाव, कराड, वाळवा येथील सोयाबीन उत्पादकाने भरला. शिवाय मका ओलसर साठविला असेल, तर त्यातील बुरशीजन्य विष आंबविण्याने नष्ट होत नाही. पिष्ट निघून गेल्याने ते चोथ्यात सुमारे तिप्पट दाट होते. त्यामुळे ‘खराब धान्य इंधनाला’ हे तत्त्व दिसते तितके निर्धोक नाही.

वैरण व पाणी : आसवनी दाणा घेते, ताट शेतातच राहते, म्हणून वैरणीवर परिणाम होणार नाही, असे वरवर वाटते. पण दुष्काळी टापूत शाळू हा दाण्याइतकाच कडब्यासाठी पेरतात. तो मुळासकट उपटून, पेंढ्या बांधून ठेवतात आणि शेकडा पेंढीचा भाव अनेकदा दाण्याच्या भावाइतकाच निर्णायक असतो. मक्याच्या वाळल्या ताटांना ती किंमत नाही. आणि मूरघासासाठी (आंबवून साठविलेल्या हिरव्या चाऱ्यासाठी) मका चिकातच कापला, तर आसवनीसाठी दाणा उरत नाही. शाळूखालील रान मक्याकडे वळल्यास भाकरी आणि वैरण ही दोन्ही एकदम महाग होतात. २०१८–१९ मध्ये माण तालुक्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या, हे या संदर्भात विसरता येत नाही.

पाण्याच्या बाबतीत धान्याची बाजू उसापेक्षा भक्कम आहे. नीती आयोगाच्या इथेनॉल मिश्रणाविषयीच्या २०२१ च्या आराखड्यात उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते असे नमूद आहे. खरीप मका बव्हंशी पावसावर येतो. मात्र म्हैसाळ, टेंभू किंवा ताकारी योजनेचे उपसा पाणी शिवारात पोहोचले, की शेतकरी मका न लावता ऊस किंवा द्राक्ष लावतो, हा नेहमीचा अनुभव असल्याने पाणीबचतीचा हा लाभ पुष्कळसा कागदावर राहतो.

सार्वजनिक खर्च : इथेनॉल मिश्रणामुळे परकीय चलनाची एक लाख कोटी रुपयांहून अधिक बचत झाल्याचे शासन सांगते. त्या हिशेबात तांदळाचा बोजा धरलेला दिसत नाही. जुलै २०२३ मध्ये भारतीय अन्न महामंडळाने आसवन्यांचा तांदूळ बंद केला होता. तो पुन्हा सुरू झाल्यावर जानेवारी २०२५ पासून २,२५० रुपये क्विंटल दराने देण्यात आला. तो खरेदी करून साठविण्यास महामंडळाला तेव्हा सुमारे चार हजार रुपये लागत. फरक लिटरमागे एकोणचाळीस रुपयांच्या आसपास जात होता. गोदामात पडून राहिला असता तर झालेली नासाडी व भाडे त्यातून वजा करावे लागेल, तरीही रक्कम लहान राहत नाही. वाहनधारकालाही काही भार सोसावा लागतो : जुन्या बनावटीच्या मोटारींची इंधनक्षमता वीस टक्के मिश्रणाने सहा ते सात टक्के घटते, असे नीती आयोगाच्या वरील आराखड्यानेच म्हटले आहे.

मार्च २०२५ मध्ये केंद्राने सहकारी साखर कारखान्यांना त्यांच्या आसवन्या धान्यावरही चालविता याव्यात म्हणून व्याजसवलतीची योजना जाहीर केली. गाळप चार महिन्यांच्या आत संपत असल्याने एरवी बंद राहणारी आसवनी पावसाळ्यातही चालते आणि तेथील कायम कामगारांना काम मिळते. ऊसतोड मजुरांच्या हंगामात त्याने भर पडत नाही. अशा आसवनीत जवळच्या बाजार समितीतील मका गेला, तर अडत, हमाली व वाहतूक यांचा पैसा तालुक्यात राहतो. महामंडळाचा तांदूळ गेला, तर गावाच्या वाट्याला मालमोटारींची वर्दळ व चोथा एवढेच येते.