तिकीट काढलं म्हणून कथा आपली होते का?

आपल्या नाशिकच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय की सिरीज फॅन्सच्या पैशावर चालते म्हणून आधीच्या भागाशी न जुळणारं काही दाखवायला कायद्यानेच बंदी आहे. कॉलेज रोडला मिसळ खाताना यावरून भांडणं ऐकलीत, आणि राग खरा असतो, दहा वर्षं जीव लावलेला असतो हो.

पण तसं नाहीये. तिकीट म्हणजे तो एक शो बघायचा हक्क, पुस्तक घेतलं तर ती प्रत तुमची, कथा नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा नेटवर फुकट मिळतो, कलम १४ वाचा, रूपांतराचा हक्क मालकाचा, त्यात प्रेक्षक कुठेच नाही. आणि मालक दरवेळी लेखकच असतो असंही नाही बरं का, नोकरीत लिहिलं तर बहुतेक वेळा कंपनी (कलम १७).

जुळवाजुळवीचं म्हणाल तर शेरलॉक होम्स घ्या. डॉक्टर वॉटसनला गोळी पहिल्या कादंबरीत खांद्याला लागलेली, दुसरीत पायाला! लेखकाने शेवटपर्यंत खुलासा केला नाही, दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून बघा. होम्सला १८९३ मध्ये मारलं, वाचक चिडले, तरी १९०३ पर्यंत जिवंत केला नाही, मधे एक कादंबरी आली तीही मरणाआधीची गोष्ट म्हणून.

नाराजी कळवा, पुढचं तिकीट काढू नका, तो हक्क आहेच. कथा सांभाळणं ही लेखकाची नैतिक जबाबदारी आहे असं मलाही वाटतं, पण ते माझं मत झालं, कायदा नाही.